पुड्या बांधता बांधता

1717 साली सॅक्सनीचा अधिपती ऑगस्ट याने आपले 600 घोडेस्वार शेजारच्या प्रशियाच्या राजाला देऊन टाकले. लढाई हरला म्हणून नाही, की तहात ठरलं होतं म्हणून नाही. त्याला बदल्यात चिनी मातीची भांडी हवी होती. सगळी मिळून 151 नग! त्यातल्या उंच निळ्या-पांढऱ्या बरण्यांना ड्रेस्डेनमध्ये आजही घोडेस्वारांच्या बरण्या म्हणूनच ओळखतात.

याच ऑगस्टने औषधाच्या दुकानातल्या एका उमेदवाराला वर्षानुवर्षं कोंडून ठेवलं होतं. त्याचं नाव योहान फ्रीडरिश ब्यॉटगर. बर्लिनमध्ये त्सोर्न नावाच्या औषधविक्याकडे तो शिकायला होता. दिवसा काढे आणि मलमं करायची आणि रात्री भट्टीवर सोनं बनवायचे प्रयोग. 1701 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने चारचौघांसमोर नाण्यांचं सोनं करून दाखवलं. ही अर्थात हातचलाखी होती, पण बातमी राजवाड्यात पोचली आणि प्रशियाच्या राजाने त्याला बोलावणं धाडलं. पोराने सॅक्सनीत पळ काढला, तर तिथे ऑगस्टने पकडलं. आता ऑगस्टसाठी सोनं कर!

सोनं काही झालं नाही. मात्र चिर्नहाउस नावाचा एक जाणता शास्त्रज्ञ त्याच्या जोडीला होता. त्याने भट्ट्यांचा हा सगळा खटाटोप मातीकडे वळवला. आधी तांबूस, दगडासारखी कडक भांडी निघाली. मग 1708 साली पांढरी आणि उजेड आरपार जाऊ देणारी माती साधली. चीनने शतकानुशतकं जपलेलं अस्सल पोर्सेलिन युरोपात पहिल्यांदा तयार झालं होतं. 1710 साली मायसेनच्या किल्ल्यात कारखाना उभा राहिला, तो आजतागायत चालू आहे. मायसेनचा एखादा जुना पेला लिलावात आला की जगभरचे संग्राहक अजून धावतात. ब्यॉटगरला स्वातंत्र्य मिळालं 1714 साली आणि पाचच वर्षांत तो गेला. वय होतं सदतीस. विषारी धूर आणि दारू, दोन्हींनी त्याला पोखरलं होतं. एवढं देऊन गेलेल्या माणसाच्या वाट्याला याहून बरं आयुष्य यायला हवं होतं, असं त्याची हकिगत वाचताना दर वेळी वाटतं.

जर्मन कलेचा आणि साहित्याचा इतिहास चाळू लागलं की औषधाचं दुकान सारखं आडवं येतं. त्याला कारणंही आहेत. जुन्या काळी त्या दुकानात नुसती औषधं मिळत नसत. साखर, मसाले, मेण, गोड मद्य आणि चित्रकारांचे रंगसुद्धा तिथेच मिळायचे. दुकानात काम करणाऱ्याला लॅटिन यायचं, वजनमापात हात बसलेला असायचा, आणि गावातलं प्रत्येक दुखणं, प्रत्येक भानगड त्याच्या कानावर यायची. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट होती. दुकानांचे परवाने मोजके होते आणि ते भारी किमतीला विकले जात. ज्याच्याकडे भांडवल नाही, तो जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात नोकर. हुशार, वाचलेला, हातात कसब असलेला आणि पुढची वाट बंद असलेला तरुण असा घाऊक तयार होत होता. त्यातले काही कलेकडे वळले. काहींना मात्र वळायला फार उशीर लागला.

लूथरचा चित्रकार, गावाचा औषधवाला

रंगांचं निघालंच आहे तर लुकास क्रानाख. ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन लूथरचा चेहरा आज आपल्याला माहीत आहे तो याच्या चित्रांमुळे. 1520 साली त्याला विटेनबर्ग शहरात औषधं विकण्याचा खास परवाना मिळाला. तो स्वतः शिकलेला औषधविक्या नव्हता, मालक होता. त्याचबरोबर चित्रशाळा होती, मद्याचं दुकान होतं, छपाईच्या धंद्यात भागीदारी होती, पुढे तो नगराध्यक्षही झाला. लूथरने केलेलं बायबलच्या नव्या कराराचं भाषांतर 1522 साली बाहेर आलं, तेव्हा प्रकाशकांत क्रानाख होता. लूथरच्या लग्नातही तो साक्षीदार होता. एका गल्लीत औषध, रंग, कागद आणि धर्मक्रांती! त्या जागी आजही क्रानाखच्या नावाचं औषधाचं दुकान आहे.

कढई ढवळता ढवळता कविता

आता या मंडळींतला सर्वांत मोठा माणूस. थिओडोर फाँटाने. जर्मन कादंबरीत त्याचं स्थान फार वरचं आहे. ‘एफी ब्रीस्ट’ ही त्याची कादंबरी तिथे पिढ्यानपिढ्या शाळांतून वाचली जाते. 30 डिसेंबर 1819 रोजी नॉयरुपीन या गावी, वडिलांच्या औषधाच्या दुकानाच्या घरातच त्याचा जन्म झाला. वडील दिलदार आणि गप्पिष्ट होते, पण जुगाराचा नाद वाईट. त्यापायी नॉयरुपीनचं दुकान विकावं लागलं. मग बाल्टिक किनाऱ्यावरच्या स्विनेम्युंडे गावात दुसरं घेतलं. मुलाच्या वाट्याला आलं ते वडिलांचं गोष्टीवेल्हाळपण. दुकान काही आलं नाही.

1836 साली फाँटाने बर्लिनच्या श्पांडाउअर रस्त्यावर, रोझ घराण्याच्या ‘पांढरा हंस’ या दुकानात उमेदवारीला लागला. या दुकानाचीही एक मजा आहे. युरेनियम शोधणारा मार्टिन हाइनरिश क्लाप्रोथ याने फाँटानेच्या कितीतरी आधी काही वर्षं हेच दुकान सांभाळलं होतं. युरेनियमचा शोध त्याने नंतर, 1789 साली, स्वतःच्या दुकानात लावला. म्हणजे तेही औषधाचंच दुकान!

फाँटानेने आपल्या आठवणींत त्या दिवसांतलं एक काम सांगितलं आहे. हरळीसारख्या एका गवताच्या मुळांचा अर्क तिथे मोठाल्या कढयांत आटवत. तो माल इंग्लंडला जायचा, त्यामुळे घाण्याला जुंपल्यासारखं काम चालायचं. वल्ह्यासारखा लांब दांडा घेऊन काळपट, चिकट रस तासन्‌तास ढवळत बसायचा. हात चालू, डोकं रिकामं. कविता जुळवायला इतकं सोयीचं काम दुसरं नाही, असं त्याचं म्हणणं. 1839 साली उमेदवारीत असतानाच त्याची पहिली दीर्घकथा एका बर्लिनच्या पत्रात छापून आली.

मग बुर्ग, लाइपझिश, ड्रेस्डेन अशी दुकानामागून दुकानं झाली. 1845 मध्ये एमिली नावाच्या मुलीशी वाङ्निश्चय झाला. 1847 मध्ये पहिल्या दर्जाचा औषधविक्या म्हणून सरकारी सनद हातात पडली. पण दुकान घ्यायला पैसा कुठला? लग्न लांबत राहिलं. 1848 च्या मार्चमध्ये बर्लिनमध्ये क्रांतीचा भडका उडाला, तेव्हा हा गृहस्थ आलेक्झांडरप्लाट्झजवळच्या एका दुकानात नोकरीला होता. काउंटर सोडून तो रस्त्यावर उतरला. लोकांनी एका नाटकगृहाचं सामानघर फोडलं आणि तिथली बंदूक याच्या हाती आली. नाटकातल्या बंदुकीने क्रांती!

त्याच वर्षी क्रॉइट्सबर्ग भागातल्या बेथानिएन इस्पितळात त्याला काम मिळालं. दोन सेविकांना औषधं बनवायला शिकवायचं आणि तोवर दवाखान्याचं औषधभांडार सांभाळायचं. राहायला जागा, बेताचा पगार आणि लिहायला वेळ. 1849 च्या सप्टेंबरअखेर ते काम संपलं आणि फाँटानेने हा पेशाच सोडला. तिशी उंबरठ्यावर होती आणि खिशात फारसं काही नव्हतं. पुढे पत्रकारी केली, लंडनला राहिला, ब्रांडेनबुर्गमधून भटकंती करून तिची पुस्तकं लिहिली, नाटकांची परीक्षणं केली. पहिली कादंबरी छापून आली 1878 मध्ये, साठीला टेकल्यावर. ‘एफी ब्रीस्ट’ पुस्तकरूपाने आली तेव्हा तो पंचाहत्तरीत होता. ज्यांना वाटतं की आपलं लिहायचं वय निघून गेलं, त्यांनी या तारखा भिंतीवर लावाव्यात.

बेथानिएनमधलं ते औषधभांडार जपून ठेवलं आहे. लाकडी कपाटं, खणांच्या रांगा, बरण्या, सगळं जागच्या जागी आहे आणि बघायला मिळतं. आणि ‘एफी ब्रीस्ट’ वाचलीत तर गीसह्युब्लरला विसरू नका. आलोन्झो गीसह्युब्लर. आई आंदालुसियाची, पाठीला कुबड, मन कमालीचं सुसंस्कृत. परक्या गावात एकट्या पडलेल्या तरुण एफीशी मनापासून चांगला वागणारा हा एकच माणूस. तो त्या गावचा औषधवाला आहे.

छत्रीखालचा कवी

दुकान सोडून वेळेवर कलेकडे वळणं फाँटानेला जमलं नाही, ते चित्रकार कार्ल श्पिट्सवेगला जमलं, कारण त्याला वारसाहक्काने पैसे मिळाले. 1808 साली जन्मलेल्या या मुलाचं भवितव्य म्युनिकच्या व्यापारी वडिलांनी आधीच ठरवून टाकलं होतं. थोरला व्यापार बघेल, कार्ल औषधवाला होईल. कार्लने विरोध केला नाही. 1825 साली राजदरबारच्या औषधालयात उमेदवारी, मग विद्यापीठ, 1832 मध्ये विशेष प्रावीण्यासह पदवी. दुसऱ्याच वर्षी तो जबर आजारी पडला. हवापालटासाठी एका झऱ्याच्या गावी राहिला, चित्रकारांची संगत मिळाली आणि बरा होऊन परतला तो चित्रकार व्हायचं ठरवूनच. कुठल्या कलाशाळेत तो गेला नाही. संग्रहालयात बसून जुन्या डच चित्रांच्या नकला केल्या आणि शिकला. रंग मात्र स्वतः घोटायचा. कोणती पूड कशात विरघळते, कोणती कशाने काळवंडते, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. सिगारच्या खोक्यांच्या फळ्यांवरही त्याने चित्रं काढली आहेत.

1839 चं त्याचं ‘गरीब कवी’ हे चित्र जर्मनीत घरोघरी माहीत आहे. माळ्यावरची खोली. कवी टोपी घालून गादीवर पडलेला, पिसाची लेखणी दातांत धरलेली. छत गळतं म्हणून डोक्यावर उघडी छत्री टांगलेली. शेगडीत जाळायला स्वतःच्याच हस्तलिखितांचे गठ्ठे. आणि त्याने उजव्या हाताच्या चिमटीत काय पकडलं आहे, यावर अजून वाद आहे. पिसू चिरडतोय की मात्रा मोजतोय? मला विचाराल तर पिसू! चित्र पहिल्यांदा म्युनिकमध्ये लागलं तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, कवीची थट्टा केली म्हणून. श्पिट्सवेगला ते चांगलंच लागलं.

या चित्राच्या एकाहून जास्त प्रती त्याने स्वतः काढल्या. एक म्युनिकच्या संग्रहालयात सुखरूप आहे. बर्लिनच्या प्रतीचं नशीब मात्र सिनेमासारखं. 1976 मध्ये उलाय नावाच्या कलावंताने ती संग्रहालयाच्या भिंतीवरून भर दिवसा काढली, बगलेत मारली आणि धूम ठोकली. सरळ क्रॉइट्सबर्गला, एका तुर्की कामगार कुटुंबाच्या घरात जाऊन त्यांच्या भिंतीवर टांगली. संग्रहालयाच्या संचालकांना फोनही केला, या आणि घेऊन जा. जर्मनांचं सर्वांत लाडकं चित्र आणि जर्मनांनी जवळ न केलेली माणसं, दोघांना त्याला एका खोलीत आणायचं होतं. त्या वेळी चित्र परत मिळालं. 1989 च्या सप्टेंबरमध्ये शार्लोटेनबुर्ग राजवाड्यातून ते श्पिट्सवेगच्याच ‘प्रेमपत्र’ या चित्रासकट चोरीला गेलं. ते आजवर सापडलेलं नाही.

थोडक्यात तिघे

लुडविग बेखश्टाइन अर्नश्टाटच्या दुकानात शिकला, मायनिंगेन आणि झाल्झुंगेनमध्ये नोकरी केली. त्याची सुनीतं तिथल्या ड्यूकच्या वाचनात आली, ड्यूकने शिष्यवृत्ती देऊन विद्यापीठात पाठवलं आणि पुढे आपला ग्रंथपाल नेमलं. 1845 चं त्याचं परीकथांचं पुस्तक एकोणिसाव्या शतकात जर्मन घरांतून ग्रिम बंधूंच्या संग्रहापेक्षाही जास्त खपत होतं.

हेरमान झूडरमान पूर्व प्रशियातला. चौदाव्या वर्षी औषधाच्या दुकानात लागला. 1889 मध्ये त्याचं ‘इभ्रत’ हे नाटक बर्लिनमध्ये आलं आणि तो रातोरात प्रसिद्ध झाला. मुर्नाउचा 1927 चा ‘सनराइज’ हा मूकपट त्याच्याच कथेवर बेतलेला आहे. पहिल्यावहिल्या ऑस्कर समारंभात त्या चित्रपटाचा सन्मान झाला.

तिसरा नॉर्वेचा, पण त्याला या यादीतून वगळवत नाही. हेन्रिक इब्सेन पंधराव्या वर्षापासून ग्रिमस्टाडच्या दुकानात पुड्या बांधत होता आणि पुढे ड्रेस्डेन, म्युनिकमध्ये वर्षानुवर्षं राहिला. त्याचं ‘बाहुलीघर’ हे नाटक जर्मन रंगभूमीवर येताना तिथली प्रमुख नटी अडून बसली. मुलांना सोडून जाणारी आई मी करणार नाही! दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी म्हणून इब्सेनने 1880 मध्ये नायिका नोरा घरातच राहते असा शेवट स्वतः लिहून दिला. त्याचा त्याला जन्मभर राग येत राहिला.

बगलेत मांजर घेऊन ग्योथेकडे

फ्रीडलीब फर्डिनांड रुंग हा ल्युबेकमध्ये मामाच्या दुकानात उमेदवार होता. एकदा औषधी वनस्पतीच्या रसाचा थेंब डोळ्यात उडाला आणि बाहुली ही एवढी मोठी झाली. पोराने ते लक्षात ठेवलं. पुढे येना विद्यापीठात शिकताना, 1819 साली, महाकवी ग्योथेने हा प्रयोग बघायची इच्छा दाखवली. रुंग उसना कोट घालून, बगलेत मांजर घेऊन येनाच्या रस्त्यांतून निघाला. मांजराच्या एका डोळ्यात बेलाडोनाचा रस घातलेला होता. एक बाहुली रेघेसारखी, दुसरी वाटोळी! ग्योथे खूश झाला. निरोप देताना त्याने कॉफीच्या दाण्यांची एक डबी हातात ठेवली, यातही काय आहे ते बघ. रुंगने त्यातून कॅफीन वेगळं काढलं.

रसायनशास्त्राच्या पुस्तकांत रुंग इथपर्यंत येतो. मला मात्र त्याचा म्हातारपणचा छंद जास्त आवडतो. टिपकागद एका क्षाराच्या पाण्यात भिजवून वाळवायचा, मधोमध दुसऱ्या द्रावणाचा थेंब सोडायचा आणि बघत बसायचं. थेंब पसरतो, रंग फुटतात, कडांना झालरी येतात, वर्तुळात वर्तुळ उमलतं. कुंचला नाही, हात नाही. 1855 साली त्याने या चित्रांचं पुस्तक काढलं. त्या काळी रंगीत छपाईत ही नजाकत उतरणं शक्य नव्हतं, म्हणून प्रत्येक प्रतीत खरेखुरे टिपकागद चिकटवले. म्हणजे एकही प्रत दुसरीसारखी नाही. एखादा थेंब आपला आपण चित्र काढतो, हे त्या काळात या माणसाला कला वाटलं, यात त्याचं मोठेपण आहे.

रुंग राहत होता ओरानिएनबुर्ग गावात. त्याच गावात 10 जुलै 1934 रोजी नाझींच्या छळछावणीत कवी एरिश म्यूझामचा खून झाला. म्यूझामही औषधवाल्याचा मुलगा आणि स्वतः शिकलेला औषधवाला. ल्युबेकमध्ये शाळेच्या कारभाराबद्दल समाजवादी पत्राला मजकूर पुरवला म्हणून त्याला शाळेतून काढलं होतं. काही वर्षं दुकानांत काम करून तो बर्लिनला गेला, मग म्युनिकला. कॅफेतून विडंबनगीतं म्हणायचा, मासिक काढायचा. 1919 च्या बव्हेरियातल्या क्रांतीत उतरल्याबद्दल पंधरा वर्षांची शिक्षा झाली आणि 1924 मध्ये सुटला. बर्लिनच्या संसदभवनाला, राइशस्टागला, आग लागली त्या रात्रीनंतरच्या पहाटे नाझींनी त्याला पकडलं. त्याच्या गाण्यांची त्यांना भीती होती.

ट्राक्ल

गेऑर्ग ट्राक्ल ऑस्ट्रियाचा, साल्झबुर्गचा, पण जर्मन कवितेत त्याच्यावाचून पान हलत नाही. 1905 पासून तीन वर्षं तो लिंत्सरगास्से रस्त्यावरच्या ‘पांढरा देवदूत’ या दुकानात उमेदवार होता. ते दुकान अजून उभं आहे. पुढे व्हिएन्नाला औषधनिर्माणाची पदवी घेतली. या पेशाने त्याला भाकरी दिली आणि त्याच पेशाने मादक द्रव्यांच्या कपाटाची किल्लीही दिली. नोकऱ्या टिकत नव्हत्या. इन्सब्रुकच्या ‘ब्रेनर’ मासिकाचा संपादक लुडविग फोन फिकर त्याच्या पाठीशी उभा राहिला नसता, तर त्या निळ्या आणि जांभळ्या रंगांनी भरलेल्या कविता आपल्यापर्यंत पोचल्या असत्या की नाही, शंका आहे.

1914 मध्ये एका श्रीमंत तरुणाने वारशातले एक लाख क्राउन गरजू कलावंतांना वाटण्यासाठी फिकरकडे दिले. त्यातले वीस हजार ट्राक्लला मिळाले, तेवढेच कवी रिल्केला. तो तरुण होता तत्त्वज्ञ लुडविग विटगेनश्टाइन. आयुष्यात पहिल्यांदा पैशाची ददात मिटली आणि तेवढ्यात महायुद्ध आलं. लष्करी औषधवाला म्हणून ट्राक्लची रवानगी गॅलिशियात झाली. ग्रोडेकच्या लढाईनंतर एका कोठारात जवळपास नव्वद घायाळांना तो एकटा सांभाळत होता. डॉक्टर नाही, औषधं संपत आलेली. माणसं मरणाची याचना करत होती. त्यातून तो सावरला नाही. क्राकोच्या लष्करी इस्पितळात 3 नोव्हेंबर 1914 ला कोकेनच्या मात्रेने त्याचा अंत झाला. वय सत्तावीस. त्याने भेटायला बोलावलेला विटगेनश्टाइन दोन-तीन दिवस उशिरा पोचला. ‘ग्रोडेक’ ही कविता ट्राक्लने शेवटच्या दिवसांत लिहिली.

निव्हियाचा मालक आणि पिकासो

आपल्या घरातल्या आरशापुढे असते त्या निव्हिया क्रीमचा कर्ताही औषधवाला. ऑस्कर ट्रोप्लोविट्झने 1890 मध्ये हॅम्बुर्गमध्ये बायर्सडोर्फ या दुसऱ्या औषधवाल्याकडून छोटा उद्योग विकत घेतला. 1911 मध्ये निव्हिया बाजारात आली. या माणसाला चित्रांची फार आवड. आपला संग्रह त्याने शहराच्या कलादालनाला देऊन टाकला. त्यात लीबरमान होता, रनुआर होता, सिस्ले होता आणि पिकासोने 1902 साली रंगवलेली, पेल्यापुढे पेंगणारी एक बाईही होती. जर्मन संग्रहालयांना पिकासो अजून परका होता, तेव्हाची ही देणगी. 1937 मध्ये नाझींनी ‘अधःपतित कला’ म्हणून ती बाई भिंतीवरून उतरवली आणि दोन वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये लुत्सर्नच्या लिलावात विकली. आज ती बर्नच्या संग्रहालयात आहे. यहुदी औषधवाल्याने हॅम्बुर्गकरांना दिलेलं चित्र हॅम्बुर्गमध्येच असायला हवं होतं.

कबुतराच्या छातीवर कॅमेरा

आणि हा माझा आवडता. युलियुस नॉयब्रोनर, गाव फ्रँकफुर्टजवळचं क्रोनबर्ग. याचे वडीलही औषधवाले, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणायला कबुतरं वापरणारे. मुलाने तोच रिवाज चालू ठेवला. त्याची कबुतरं 75 ग्रॅमपर्यंतचं तातडीचं औषध पोचवायची. एकदा एक कबूतर धुक्यात हरवलं आणि चार आठवड्यांनी परत आलं, तेही चांगलं गुबगुबीत होऊन. इतके दिवस बेटं होतं कुठे? नॉयब्रोनरला चैन पडेना. त्याने बोटभर कॅमेरा बनवला. छातीवर पट्ट्यांनी बांधायचा, ठरावीक वेळाने झडप आपोआप उघडायची.

1907 मध्ये तो पेटंट मागायला गेला. असं काही शक्यच नाही म्हणून अर्ज नाकारला गेला. मग त्याने कबुतरांनी काढलेले फोटोच पाठवून दिले, दाखल्यासकट. 1908 च्या डिसेंबरमध्ये पेटंट मिळालं. पुढे ड्रेस्डेन, फ्रँकफुर्ट, पॅरिसच्या प्रदर्शनांत लोक कबुतरं परतायची वाट बघत उभे राहायचे आणि फोटो तिथल्या तिथे धुऊन पोस्टकार्डं म्हणून विकले जायचे. क्रोनबर्गच्या राजवाडी हॉटेलचा एक फोटो बघा. खाली बाग, छपरं, झाडांच्या सावल्या आणि दोन्ही कडांना फडफडणाऱ्या पंखांची टोकं.

एवढ्यावर तो थांबला नाही. जर्मनीतल्या सुरुवातीच्या हौशी चित्रपटकारांत त्याचं नाव आहे. घरच्यांना घेऊन त्याने छोट्या फिती काढल्या, स्वतः जादूचे प्रयोग करून कॅमेऱ्यासमोर दाखवले. ओल्या डिंकाने फोटो पुठ्ठ्यावर सुरकुततात म्हणून कोरडं चिकटवण्याचा कागद शोधला, त्याचा कारखाना काढला आणि तो मुलाच्या हाती सोपवला. पहिल्या महायुद्धात लष्कराने त्याची कबुतरं टेहळणीसाठी आघाडीवर नेऊन पाहिली. पण विमानं भराभर सुधारत गेली आणि कबुतरांचं काम पुन्हा निरोप पोचवण्यापुरतं राहिलं. नॉयब्रोनर 1932 पर्यंत जगला.